लिव्हर आणि ब्रेक यांची जोडी जुळते का?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत पावसाळ्याच्या तोंडावर सायकलीची निगा कशी राखावी याविषयी अलीकडे एक टिपण आले होते. साखळीचे तेल, टायरमधील हवा आणि मडगार्ड यांबद्दलचा त्यातील सल्ला योग्यच होता. मात्र ब्रेकचा लिव्हर वाकला किंवा तुटला असेल तर बाजारात थोडक्या पैशांत मिळणारा नवा लिव्हर बसवून घ्यावा, एवढेच सांगून लेखक पुढे गेले आहेत. हा सल्ला अर्धवट आहे आणि त्या राहिलेल्या अर्ध्या भागाचा अनुभव आमच्या घराने नुकताच घेतला असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे. मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटर व्यवसायाचा शिल्प निदेशक म्हणून काम करून निवृत्त झालो आहे. सायकल दुरुस्ती हा माझा पोटापाण्याचा धंदा नव्हता, पण घरातल्या आणि शेजारच्या सायकली आजवर मीच खोलत आलो आहे, आणि तरीही ही चूक माझ्या घरात घडली हे आधीच कबूल करतो.

माझ्या नातीच्या सायकलीला दोन्ही चाकांवर व्ही-ब्रेक आहेत, म्हणजे दुकानदार ज्यांना ‘पॉवर ब्रेक’ म्हणतात तेच. मे महिन्यात शिकवणीच्या बाहेर उभी असलेली तिची सायकल दुसऱ्या सायकलींच्या रांगेबरोबर आडवी झाली आणि उजव्या हाताचा लिव्हर मुळातून तुटला. तिच्या सायकलीवर हा पुढच्या चाकाच्या ब्रेकचा लिव्हर. जवळच्या दुकानात तो पंधरा मिनिटांत बदलून मिळाला. नवा लिव्हर काळा, चकचकीत आणि दिसायला जुन्यासारखाच होता. दुकानदाराने वायर ताणून, रबरे रिमच्या अगदी जवळ आणून दिली आणि ब्रेक लागतो आहे याची खात्री पोरीने आणि मी दोघांनीही केली. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, दोन-चार मोठे पाऊस झाल्यावर, ती साताऱ्यातल्या बोगद्याकडून समर्थ मंदिराच्या बाजूला उतरत असताना उजवा लिव्हर दाबत दाबत थेट हँडलला टेकला आणि सायकल काही थांबेना. डावा ब्रेक तिने दाबला, पाय जमिनीला घासले आणि रस्त्याच्या कडेच्या मातीत सायकल घातली. कोपर आणि गुडघा सोलवटण्यावर निभावले. दुकानदाराने वायर सैल झाली असे सांगून ती पुन्हा ताणून दिली. चार दिवसांनी पुन्हा तेच. तेव्हा मी दोन्ही लिव्हर काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि व्हर्नियर कॅलिपर हातात घेतला, जे मी मे महिन्यातच करायला हवे होते.

लिव्हर म्हणजे शाळेत शिकलेली तरफच. तिचा टेकू म्हणजे ज्या खिळीवर लिव्हर फिरतो ती खिळ. आपली बोटे जिथे दाबतात ते बलाचे टोक, आणि वायरीच्या टोकाची धातूची गोळी ज्या खोबणीत बसते ते भाराचे. टेकूपासून बोटांपर्यंतचे अंतर बहुतेक लिव्हरमध्ये फारसे बदलत नाही, पण टेकूपासून वायरीच्या खोबणीपर्यंतचे अंतर मात्र बदलते आणि सगळा फरक तिथेच आहे. नातीच्या सायकलीच्या शाबूत राहिलेल्या मूळ लिव्हरमध्ये हे अंतर ३५ मिलिमीटर भरले, नव्याने बसवलेल्या लिव्हरमध्ये २२. बोटे दोन्हींत खिळीपासून सुमारे ७५ मिलिमीटरवर पडत होती आणि हँडलला टेकेपर्यंत त्यांना ४५ मिलिमीटर सरकायला जागा होती. त्यावरून गणित सरळ आहे. लिव्हर पूर्ण दाबल्यावर मूळ लिव्हर २१ मिलिमीटर वायर ओढत होता आणि नवा जेमतेम १३. पहिला लांब ओढीचा आणि दुसरा आखूड ओढीचा, असे मी पुढे म्हणेन. दुकानात यांना निरनिराळी नावे नाहीत आणि माझी खरी तक्रार तीच आहे.

आता चाकाच्या बाजूला काय होते ते पाहू. व्ही-ब्रेकला चिमट्याच्या, म्हणजे चाक ज्यात बसते त्या फोर्कच्या, दोन्ही पायांवर खुंट्यांवर बसवलेल्या दोन लांब उभ्या भुजा असतात. वायर या भुजांच्या वरच्या टोकांना एकमेकींकडे आडवी खेचते आणि रबरे भुजांच्या खालच्या भागात, खुंटीच्या थोडी वर असतात. मी मोजलेल्या ब्रेकमध्ये खुंटीपासून वायर १०५ मिलिमीटरवर आणि रबर साधारण २७ मिलिमीटरवर होते, म्हणजे रबराने एक मिलिमीटर सरकावे यासाठी भुजेचे टोक जवळजवळ चार मिलिमीटर सरकले पाहिजे. रिमच्या दोन्ही बाजूंना एकेक मिलिमीटरची फट ठेवली तर नुसती ती फट भरायलाच आठ मिलिमीटर वायर खर्ची पडते. लांब ओढीच्या लिव्हरकडे त्यानंतर १३ मिलिमीटर शिल्लक राहतात, आखूड ओढीच्या लिव्हरकडे फक्त पाच. जोरात दाबल्यावर वायर थोडी ताणली जाते, वायर ज्यातून जाते तो नळीसारखा आउटर थोडा दबतो, भुजा थोड्या वाकतात, रबर थोडे चेपते. त्यात या पाचांतले दोन-तीन सहज जातात. मग पाऊस सुरू होतो, रिमवरचा चिखल आणि बारीक रेती रबराला कानशीसारखी घासते आणि प्रत्येक रबर अर्धा मिलिमीटर झिजले की आणखी चार मिलिमीटर वायर लागते. या हिशेबात उरते काय ते वाचकांनीच पाहावे. लांब ओढीचा लिव्हर अशा झिजेनंतरही नऊ मिलिमीटर हातात राखून असतो, आणि झीज ओळखून वायर ताणून घ्यायला माणसाला काही दिवस मिळतात. आखूड ओढीच्या लिव्हरची शिल्लक एका ओल्या आठवड्यात संपते. दुकानदार म्हणाला त्याप्रमाणे वायर सैल झालीच नव्हती, ती मुळातच पुरत नव्हती.

लहान हातांच्या बाबतीत यात आणखी एक मेख आहे. बऱ्याच लिव्हरना हँडलपासूनचे अंतर कमी करण्यासाठी एक बारीक स्क्रू असतो. मुलींच्या आणि मुलांच्या सायकलींवर तो आत फिरवून लिव्हर बोटांच्या आवाक्यात आणतात आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे लिव्हरचा प्रवासही तेवढाच कमी होतो. ४५ ऐवजी ३५ मिलिमीटर प्रवास उरला तर आखूड ओढीचा लिव्हर दहा मिलिमीटरच वायर ओढतो, आणि त्यांतले आठ फट भरण्यातच जातात. म्हणजे ज्या हातांना ब्रेक सर्वांत खात्रीचा हवा, त्यांच्याच सायकलीवर ही चुकीची जोडी सर्वांत आधी दगा देते.

इथे कोणी म्हणेल की मग रबरे रिमला आणखी जवळ आणावीत. दुकानदार तेच करतो, आणि रिम अगदी सरळ असेपर्यंत तो ब्रेक विलक्षण जोरकस वाटतो, कारण आखूड ओढीचा लिव्हर बोटांचा जोर जास्त पटीने वायरीत उतरवतो आणि व्ही-ब्रेकच्या लांब भुजा तो पुन्हा चौपट करतात. दोन्ही गुणाकार एकावर एक चढतात. ओल्या रस्त्यावर पुढचे चाक एकदम जाम व्हायला एवढे पुरते. शिवाय खड्ड्यांतून रोज जाणारी रिम अगदी सरळ कुठे राहते? अर्ध्या मिलिमीटरचा बाक आला की रबर घासू लागते, मग पाना घेऊन फट वाढवली जाते, आणि फट वाढली की लिव्हर हँडलला टेकतो. एकाच लिव्हरमुळे कधी चाक जाम आणि कधी ब्रेकच नाही, असे दोन विरुद्ध दोष आलटून पालटून दिसतात, त्यामुळे दुरुस्ती करणाराही गोंधळतो.

याच्या उलट जोडीकडे लोकांचे लक्ष मुळीच जात नाही, म्हणून ती मला अधिक घातक वाटते. आमच्या शेजाऱ्यांच्या जुन्या सायकलीला साधे कॅलिपर ब्रेक आहेत, म्हणजे चाकाच्या वर एकाच खिळीवर फिरणाऱ्या कमानीसारख्या दोन भुजा. त्यांना व्ही-ब्रेकसाठीचा लिव्हर बसवला गेला होता, कारण तो जाडजूड आणि मजबूत दिसतो. त्यांचे म्हणणे असे की नवा लिव्हर लावल्यापासून ब्रेक छान कडक झाला आहे, दाबला की लगेच लागतो. लागतो हे खरे, कारण लांब ओढीचा लिव्हर फट चटकन भरतो. परंतु वायर जास्त ओढणारा लिव्हर तेवढ्याच प्रमाणात कमी जोराने ओढतो. ७५ भागिले ३५ म्हणजे सुमारे २.१; ७५ भागिले २२ म्हणजे ३.४. त्याच बोटांच्या जोरात वायरीवर येणारा ताण पूर्वीच्या ६३ टक्क्यांवर आला. आधी पाच किलोच्या दाबाने जितकी पकड मिळत होती तितकीसाठी आता आठ किलोचा दाब हवा, आणि कॅलिपरच्या भुजा व्ही-ब्रेकसारखा जोर वाढवत नसल्यामुळे ही तूट भरून काढणारे पुढे कोणीच नाही. हाताला दगडासारखा कडक लागणारा ब्रेक चांगला, ही समजूत आपल्याकडे फार पक्की आहे. खरे तर योग्य जोडीचा ब्रेक दाबल्यावर किंचित सरकतो, मग घट्ट होतो आणि जोर वाढवत नेला की पकड वाढत जाते. शेजाऱ्यांना मी सपाट रस्त्यावर, रिकाम्या मैदानाजवळ, दोन्ही लिव्हर लावून एकाच ठिकाणापासून थांबून दाखवायला सांगितले, तेव्हा त्यांनी आपण होऊन जुना लिव्हर मागितला.

आमच्या पिढीला हा प्रश्न पडत नव्हता, त्यालाही कारण आहे. हीरो किंवा अॅटलसच्या ज्या काळ्या उंच सायकलींवर आम्ही शिकलो, त्यांचे ब्रेक दांड्यांचे असत. हँडलखालची दांडी, तिला जोडलेल्या उभ्या दांड्या आणि चाकाभोवतीचा नालासारखा आकडा असे सगळे एकच यंत्र होते. त्याची रबरे रिमच्या कडेवर बसत नसत, आऱ्यांच्या बाजूने रिमच्या आतल्या अंगावर दाबली जात. त्या वेस्टवुड पद्धतीच्या रिमच्या कडा गोलसर असल्यामुळे तिथे कॅलिपर बसवला तर रबराला सपाट जागाच मिळत नाही. काही हौशी लोक अजूनही तसे करतात. त्यांनी आधी रिम बदलावी. पण दांडीचा लिव्हर दुसऱ्या ब्रेकला लावण्याची सोयच नसल्यामुळे लिव्हरची चूक मात्र होत नसे. पुढे वायरीचे कॅलिपर आले, त्यांचे मधून ओढले जाणारे आणि बाजूने ओढले जाणारे असे प्रकार आले, डोंगरी सायकलींवर कँटिलिव्हर, म्हणजे बाजूला फाकलेल्या दोन आखूड भुजांचे, ब्रेक आले, पण या सर्वांना लागणारी ओढ थोड्या फरकाने सारखीच असल्यामुळे कोणताही लिव्हर कोणत्याही ब्रेकला चालून जाई. १९९६ मध्ये शिमानोने आपल्या डोंगरी सायकलींच्या सुट्या भागांबरोबर व्ही-ब्रेक बाजारात आणला आणि ही मुभा संपली. ब्रेकच्या भुजा लांब झाल्या, म्हणून वायर जास्त लागू लागली, म्हणून त्यासाठी लिव्हरही वेगळे करावे लागले. व्ही-ब्रेक हे खरे तर शिमानोचे व्यापारी नाव, पण आज कोणत्याही कंपनीच्या तशा ब्रेकला लोक तेच म्हणतात.

गोंधळ वाढण्याचे एक निव्वळ यांत्रिक कारणही आहे. कँटिलिव्हर आणि व्ही-ब्रेक हे दोन्ही चिमट्यावरच्या त्याच खुंट्यांवर बसतात. जुन्या डोंगरी सायकलीचे कँटिलिव्हर काढून त्या जागी पॉवर ब्रेक लावायला एक षटकोनी पाना आणि अर्धा तास पुरतो, आणि काम इतके नीट बसते की वरचा लिव्हरही बदलायचा असतो हे मनातच येत नाही. वायर आणि आउटरसुद्धा त्याच चालतात. एखादा भाग बसला की तो जुळला, असे आपण धरून चालतो. फिटरच्या कामाच्या पहिल्याच वर्षी मी विद्यार्थ्यांना बसणे आणि जुळणे यांतला हा फरक शिकवत असे, आणि घरी तोच मला चुकला.

कँटिलिव्हरविषयी दोन शब्द वेगळे लिहावे लागतील, कारण त्याची ओढ ठरलेली नसते. दोन्ही भुजांना जोडणारी आखूड आडवी वायर मधोमध वर ओढली जाते आणि तिचा त्रिकोण तयार होतो. हा त्रिकोण जितका बसका, तितका रबरांवरचा जोर जास्त आणि वायरही जास्त लागणार. तो जितका उंच, तितका ब्रेक हाताला कडक पण कमजोर. आखूड ओढीच्या लिव्हरबरोबर ही उंची बदलून ब्रेक आपल्या हाताप्रमाणे लावून घेता येतो, आणि चांगला कारागीर ते करतो. लांब ओढीचा लिव्हर लावून मात्र कँटिलिव्हरचा जोर घालवू नये.

लांबच्या राइडला जाणाऱ्यांनाही हा विषय लागू आहे. ब्रेव्हेच्या, म्हणजे ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या, दोनशे, तीनशे, चारशे, सहाशे किलोमीटरच्या राइड करणारे बरेच जण हायब्रिड (डोंगरी आणि शर्यतीच्या सायकलींच्या मधल्या) सायकलीचे सरळ हँडल काढून खाली वळलेले ड्रॉप हँडल लावतात. त्या हँडलसाठीचे नेहमीचे लिव्हर आखूड ओढीचे असतात आणि हायब्रिडला बहुधा व्ही-ब्रेक असतात. खंबाटकी किंवा ताम्हिणीसारखा घाट रात्री पावसात उतरताना हा फरक कळावा अशी इच्छा कोणाचीच नसेल. यावर तीन मार्ग आहेत. ड्रॉप हँडलसाठी मुद्दाम बनवलेले लांब ओढीचे लिव्हर मिळतात. टेकट्रोचा आरएल ५२० हा त्यांतला सर्वांच्या परिचयाचा. पण गिअर बदलण्याची सोय असलेले एकत्रित लिव्हर ठेवायचे असतील तर तो उपयोगी नाही. दुसरा मार्ग म्हणजे ट्रॅव्हल एजंट नावाची छोटी दुहेरी कप्पी. एका वायरीने लहान व्यासाची चाकी फिरते आणि तिच्या जोडीची मोठ्या व्यासाची चाकी ब्रेकची वायर जास्त ओढते. हिशेब बरोबर आहे, मात्र या कप्पीतली वायर तीव्र वळणामुळे लवकर झिजते आणि चिखलात ती वारंवार तपासावी लागते, म्हणून मला स्वतःला ती आवडत नाही. तिसरा मार्ग आखूड भुजांच्या व्ही-ब्रेकचा. ऐंशी ते नव्वद मिलिमीटर भुजांच्या या ब्रेकना वायर कमी लागते, त्यामुळे ते आखूड ओढीच्या लिव्हरवर चालतात. फक्त रबरे रिमच्या जवळ ठेवावी लागतात आणि जाड टायर त्यांच्या कमानीखाली मावत नाही. वायरवर चालणाऱ्या डिस्क ब्रेकमध्येही लांब आणि आखूड ओढीचे दोन्ही प्रकार असतात, पण माझे पत्र रिम ब्रेकपुरते असल्यामुळे तो विस्तार करत नाही. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या रिम ब्रेकचा लिव्हर त्याच्या जोडीचाच घ्यावा लागतो, तिथे अदलाबदलीचा प्रश्न येत नाही.

या सगळ्यात दुकानदाराला दोष देऊन मोकळे होण्याची माझी इच्छा नाही. पंक्चर काढणे आणि वायर बदलणे यांवर ज्याचा दिवस भागतो, त्याच्याकडे घाऊक बाजारातून येणाऱ्या पिशवीवर ‘ब्रेक लिव्हर, अलॉय’ एवढेच छापलेले असते. त्यावर ओढीचा उल्लेख नसतो, कोणत्या ब्रेकसाठी तो आहे याचाही नसतो. गिऱ्हाईकही रंग आणि किंमत यांपलीकडे काही विचारत नाही. मी दुकानात जाऊन ३५ आणि २२ हे आकडे दाखवले तेव्हा त्या माणसाने खोक्यातले सगळे लिव्हर ओतून माझ्याबरोबर मोजले आणि दोन डब्यांत वेगळे केले. तासाभराच्या त्या कामात आम्हाला एकाच पिशवीत दोन्ही प्रकारचे लिव्हर सापडले. एका जोडीत तर उजवा एका प्रकारचा आणि डावा दुसऱ्या प्रकारचा होता. तेव्हा तक्रार जिथे माल बनतो आणि पिशवीत भरला जातो तिथे जायला हवी.

हे अशक्य आहे असे नाही. शिमानोच्या काही लिव्हरमध्ये वायरीची गोळी दोन जागी बसवता येते आणि त्या जागांवर व्ही-ब्रेकसाठी ‘व्ही’ आणि कँटिलिव्हर व रोलर ब्रेकसाठी (चाकाच्या मध्यभागी बसणाऱ्या) ‘सी-आर’ अशी अक्षरे कोरलेली असतात. दोनशे-अडीचशे रुपयांच्या लिव्हरवर दोन जागा देता येणार नाहीत हे समजू शकते, पण साच्यात एक अक्षर कोरायला काय खर्च येतो? सायकलींच्या सुरक्षिततेसाठीच्या आयएसओ ४२१० या आंतरराष्ट्रीय मानकाचा चौथा भाग ब्रेकच्या चाचण्यांचा आहे, आणि त्या चाचण्या पूर्ण जोडलेल्या सायकलीवर, कोरड्या आणि ओल्या अशा दोन्ही स्थितींत घेतल्या जातात. कारखान्यातून निघताना लिव्हर आणि ब्रेक यांची जोडी अशा रीतीने एकत्र तपासता येते. पहिला लिव्हर तुटून दुसरा बसला की त्या चाचणीचा आधार संपतो, आणि पुढची चाचणी उतारावर स्वार स्वतः घेतो. सुट्या लिव्हरवर त्याची ओढ कोरण्याची सक्ती आपल्याकडे व्हावी, अशी माझी मागणी आहे. ग्रामीण भागात मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली दिल्या जातात. त्या सायकलींची दुरुस्ती गावच्या एकुलत्या दुकानात आणि मिळेल त्या लिव्हरने होणार, हे धरूनच ही मागणी तपासावी.

तोपर्यंत वाचकांनी स्वतः काय करावे, तेही सांगतो. लिव्हर हलकेच दाबून खालच्या बाजूने पाहिले की तो फिरतो ती खिळ आणि वायरीच्या गोळीची खोबण दोन्ही दिसतात. या दोहोंच्या मध्यांमधले अंतर साध्या पट्टीने मोजता येते. ते तीस मिलिमीटरहून कमी असेल तर लिव्हर आखूड ओढीचा समजावा. तो कॅलिपर, कँटिलिव्हर आणि मुलांच्या काही सायकलींवर दिसणारे यू-ब्रेक यांच्यासाठी. तीसहून जास्त असेल तर लांब ओढीचा, आणि तो व्ही-ब्रेकसाठी. अगदी तीसच्या आसपास भरला तर सायकलीचा दुसरा, मूळचा लिव्हर शेजारी धरून तुलना करावी. चाकाकडे पाहताना, उभ्या लांब भुजा आणि त्यांच्या माथ्यावरून आडवी जाणारी वायर, एका बाजूला वाकडी धातूची नळी, असे दिसले की तो व्ही-ब्रेक. चाकाच्या वर मधोमध एकाच बोल्टला टांगलेली कमान दिसली की कॅलिपर. बाजूला फाकलेल्या आखूड भुजा आणि त्यांच्या मध्ये वायरीचा त्रिकोण दिसला की कँटिलिव्हर.

मोजण्याची सोय नसेल तर एक परीक्षा उभ्या उभ्या करता येते. सायकलीच्या बाजूला उभे राहून पुढचा ब्रेक पूर्ण दाबावा आणि सायकल पुढे ढकलावी. ब्रेक आणि रबरे ठीक असतील तर पुढचे चाक जागचे न हलता मागचे चाक जमिनीवरून उचलले जाते, आणि त्या वेळी लिव्हर आणि हँडल यांच्यामध्ये अंगठा मावेल एवढी जागा शिल्लक राहते. मागचे चाक उचलले गेले पण अंगठ्याची जागा उरली नाही, तर व्ही-ब्रेकवर आखूड ओढीचा लिव्हर असण्याचा संशय घ्यावा. जागा भरपूर, लिव्हर कडक, आणि तरी पुढचे चाक फिरत पुढे जाते, तर उलट जोडीचा. ही परीक्षा नव्या लिव्हरच्या पहिल्या दिवशी करून थांबू नये, कारण नातीच्या सायकलीने पहिल्या दिवशी ती उत्तम गुणांनी उत्तीर्ण केली असती. रबरे थोडी झिजल्यावर, पावसाच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, ती पुन्हा करावी.

आपल्या टिपणाच्या लेखकांना माझी विनंती एवढीच आहे की पुढच्या रविवारी त्या वाक्यात भर घालावी: लिव्हर बदलताना तुटलेला जुना लिव्हर दुकानात बरोबर न्यावा, खिळीपासून खोबणीपर्यंतचे अंतर दोन्हींत सारखे आहे हे आपल्या डोळ्यांनी पाहावे, आणि तसा मिळाला नाही तर दुकानदाराला दुसऱ्या दिवसापर्यंत मागवायला सांगून तोवर सायकल घरी ठेवावी. नातीच्या सायकलीला आता ३५ मिलिमीटरचा लिव्हर लावला आहे. तो लाल रंगाचा मिळाला आणि डावा काळाच आहे, याबद्दल मात्र ती अजून माझ्यावर नाराज आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्प निदेशक, सातारा